पार्श्विक चिंतन आणि चौथी सीट

एका रविवारी बदलापूरच्या कात्रपमधल्या एका हॉलमध्ये नऊशे नव्याण्णव रुपये भरून मी वेगळा विचार करायला शिकलो. चहा-वडापाव त्यातच. सूचना स्पष्ट होत्या. दहा म्हणजे दहाला या, सगळ्यांनी एकसारखे टी-शर्ट घाला, नंबराच्या खुर्चीवरच बसा, मोबाइल बंद ठेवा आणि मग चौकटीबाहेर पडा. चौकटीबाहेर पडायला साडेअकरा ते बारा ही वेळ राखून ठेवली होती. बारानंतर ज्याने त्याने निमूट चौकटीत परतायचं, कारण वडे थंड होतात.

विषय लॅटरल थिंकिंग. पत्रिकेवर त्याचं मराठी केलं होतं 'पार्श्विक चिंतन'. 'पार्श्व' म्हणजे बाजू, हे खरं. पण मराठी माणसाला 'पार्श्वभाग' आधी आठवतो, त्याला कोण काय करणार? पहिल्या रांगेतल्या एक काकू शब्द वाचून फिस्सकन हसल्या. दिवसभरात त्या हॉलमध्ये उत्स्फूर्त असं काही घडलं असेल तर ते एवढंच.

सर पुण्याचे होते. (मी काही म्हणालो नाही.) सहा रंगांच्या सहा टोप्या घेऊन आले होते. पांढरी माहितीची, लाल भावनेची, काळी सावधगिरीची, पिवळी आशेची, हिरवी नव्या कल्पनांची आणि निळी बाकीच्या पाच टोप्यांवर मुकादमी करणारी. 'आता हिरवी घाला, कल्पना सुचवा!' म्हटलं की सुचवायची. हिरवी डोक्यावर नसताना सुचली तर? तर थांबायचं, कल्पनेला ओट्यावर झाकून ठेवायचं. तुमच्याआमच्या आज्या सोवळ्यात हेच करायच्या, पण त्यांनी त्याचे नऊशे नव्याण्णव घेतले नाहीत.

या सगळ्याचे मूळपुरुष एडवर्ड डी बोनो. माल्टाचे, शिक्षणाने डॉक्टर. लॅटरल थिंकिंग हा शब्द त्यांनी १९६७ मध्ये आणला, टोप्या १९८५ मध्ये. २०२१ मध्ये गेले. माणूस हुशार होता, यात वाद नाही. एकच खड्डा आणखी खोल खणत बसलात तर दुसरीकडे खड्डा होणार नाही, जागा बदला, असा त्यांचा लाडका दाखला. सरांनी तो अशा काही गंभीर चेहऱ्याने सांगितला की मला कात्रपच्या रस्त्याची शपथ घालावीशी वाटली. अहो, जागा बदलून खड्डे खणण्याच्या शास्त्रात आमचा हात जगात कोण धरणार? केबलवाला खणून बुजवतो, मग पाणीवाले शेजारी खणतात, मग गॅसवाले दोघांच्या मधोमध. एवढा पार्श्विक रस्ता डी बोनोंनी जन्मात पाहिला नसेल.

डी बोनोंचीच आणखी एक गंमत, जी सरांच्या स्लाइडवर नव्हती. सन २००० च्या सुमारास या थोर विचारवंताने ब्रिटनच्या परराष्ट्र खात्यातल्या मंडळींना अरब-इस्रायल भांडणावर तोडगा सुचवला होता. तिकडचे लोक यीस्ट न घातलेली रोटी खातात, त्यामुळे अंगात जस्त कमी पडतं, जस्त कमी पडलं की माणूस चिडका होतो, सबब त्यांना मार्माइट पाठवा. मार्माइट म्हणजे यीस्टचा काळा, खारट लगदा. हसू नका. आपणही पिढ्यान्‌पिढ्या बिनयीस्टची भाकरी खातो आणि सकाळची बदलापूर लोकल पाहिली की मला या सिद्धांतात तथ्य वाटू लागतं.

व्हेनेझुएलाने तर १९७९ मध्ये बुद्धिविकासासाठी स्वतंत्र मंत्रीच नेमला आणि डी बोनोंचे धडे शाळाशाळांत नेले. पुढे त्या देशाचं काय झालं ते तुम्ही पेपरात वाचलंच आहे. बुद्धी वाढवून झाल्यावर वापरायचीही असते, हे त्या खात्याच्या अखत्यारीत नसावं.

असो. साडेअकरा वाजले. सरांनी फळ्यावर नऊ ठिपके काढले, तीन आडव्या रांगा, तीन उभ्या. हात न उचलता चार सरळ रेघांत सगळे जोडा. हे कोडं १९१४ च्या सॅम लॉइडच्या संग्रहात आहे, म्हणजे लॅटरल थिंकिंगच्या जन्माआधी अर्धं शतक म्हातारं. रेघ ठिपक्यांच्या बाहेर न्यायची, एवढीच खोच. माझ्या शेजारी ऑर्डनन्स फॅक्टरीतून फिटर म्हणून रिटायर झालेले एक काका बसले होते. ते शांतपणे उठले, फळ्याशी गेले, डस्टर उभा धरला, खडूच्या भुकटीत चांगला लोळवला आणि वरून खाली एक, परत एक, परत एक असे तीन पट्टे ओढले.

"चार कशाला? ब्रश रुंद असला तर एकातच होतंय," काका म्हणाले.

सर जरा चाचरले. "नाही काका, तसं नाही चालत. स्लाइडवर चार रेघा आहेत."

बघा. चौकटीबाहेरचं उत्तरही चौकटीतच छापून आलेलं. काका जागेवर येऊन बसले, हात झटकले आणि मला म्हणाले, "नोकरीत पण हेच व्हायचं." वाक्य ऐकलंत? पस्तीस वर्षांच्या कारखानदारीवरचा शोधनिबंध चार शब्दांत.

माझा राग टोप्यांवर नाही हो. हौसेने कुणी काय डोक्यावर घालावं! राग या गृहीतकावर आहे की बदलापूर-अंबरनाथ-उल्हासनगरच्या माणसाला आडवा विचार शिकवावा लागतो. मुळात घोडे बदलायचं ठाणं म्हणून बदलापूर, अशी दंतकथा सांगणारं आमचं गाव. आता घोडे नाहीत, आम्ही दिशा बदलतो. अंबरनाथच्या माणसाला मुंबईला जायचं असेल तर तो आधी मुंबईकडे पाठ करून बदलापूरला येतो. डाऊन लोकल पकडतो, बदलापूरला उतरतच नाही, तीच गाडी उलटी निघाली की खिडकीत बसून मुंबईला जातो. याला 'डाऊन करून येणं' म्हणतात. पुढे जाण्यासाठी आधी मागे जा! एखाद्या मॅनेजमेंटच्या पुस्तकात हे असतं तर मुखपृष्ठावर बाण काढून विकलं असतं. आमच्याकडे यावरून रोज सकाळी फलाटावर आईबहिणीचा उद्धार होतो, कारण बदलापूरचा माणूस गाडीत शिरतो तेव्हा सीटवर आधीच अंबरनाथ बसलेलं असतं.

आणि चौथी सीट? बाक तिघांचा. चौथा येतो, 'जरा सरका' म्हणतो, तिघे अर्धा-अर्धा इंच सरकतात आणि त्या दीड इंचावर एक अख्खा संसारी मनुष्य ठाण्यापर्यंत तरंगत जातो. एक मांडी बाकावर, दुसरी पॅसेजमध्ये, बॅग पोटाशी. पार्श्विक चिंतन याहून शब्दशः कसं करणार सांगा? सीएसएमटी इथून ६८ किलोमीटर. त्यातला निम्मा प्रवास मी अर्ध्या पार्श्वभागावर केला आहे. मला टोपी कसली घालता?

पण हे कौतुकाने सांगायचं नाही, आणि इथेच माझं या मंडळींशी वाजतं. चौथी सीट हा शोध नाही, तो नाइलाज आहे. खाली आडवा विचार इतका माजतो, कारण वर कुणी सरळ विचार केलेला नसतो. सरळ विचार म्हणजे पहिलीच्या बेरजा. २००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूर लाखाच्या आसपास होतं, २०११ ला पावणेदोन लाख झालं. माणसं वाढली की गाड्या वाढवाव्या लागतात. या बेरजेला कुठली टोपी लागते? त्याऐवजी वरच्यांनाही आडवं सुचतं. गर्दी आहे ना, मग साध्या लोकलच्या जागी एसी लोकल घाला! ऑगस्ट २०२२ मध्ये लोक चिडून बदलापूरला जमले, कळव्यालाही जमले, तेव्हा मध्य रेल्वेने नव्या १० एसी फेऱ्या मागे घेतल्या. जस्ताची कमतरता, दुसरं काय.

वरच्यांचा आडवेपणा पाहायचा तर दोन स्टेशनं पुढे उल्हासनगरला चला. १९४९ मध्ये निर्वासित सिंधी लोकांनी छावणीच्या बराकींत वसवलेलं हे शहर. मालावर 'मेड इन यूएसए' छापायचे आणि कुणी विचारलं तर 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' म्हणायचे, हा किस्सा तुम्हाला पाठ असेल. खरा-खोटा देव जाणे, पण सगळं हरवून आलेल्या माणसाची ती खोडी मला मनापासून आवडते. पुढची गोष्ट खोडी नव्हे. उच्च न्यायालयाने इथल्या ८५५ बेकायदा इमारती पाडायला सांगितल्या. सरकारने काय केलं? बहुतेक इमारती जागच्या जागी ठेवल्या आणि २००६ मध्ये खास उल्हासनगरसाठी नियमितीकरणाचा कायदा आणला. इमारत कायद्यात बसत नाही ना, मग कायदाच जरा सरकवा. हीच ती चौथी सीट, फक्त मंत्रालयात. हिरव्या टोपीला सलाम.

मे २०२१ मध्ये उल्हासनगरात पंधरवड्याच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळले. माणसं मेली. स्लॅबला लॅटरल कळत नाही. तो सरळ खाली येतो.

आमच्या नदीचंही तेच. २००५ च्या २६ जुलैला उल्हास नदीने दाखवलं की ती कुठपर्यंत येते. २०१९ च्या २७ जुलैला वांगणी-बदलापूरच्या मधे महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात उभी राहिली, हजारावर प्रवासी बोटींनी काढावे लागले. पाणी जिथवर येतं त्या रेषेला तुम्ही-आम्ही पूररेषा म्हणतो. जाहिरातीत तिला 'रिव्हर व्ह्यू' म्हणतात आणि चौरस फुटाला वरचे पैसे लावतात.

हे सगळं मी प्रश्नोत्तरांत विचारणार होतो. पण प्रश्नांसाठी निळी टोपी लागते आणि निळी सरांकडे. मग प्रमाणपत्रं वाटली. सगळ्यांवर एकच मजकूर, 'आपण इतरांपेक्षा वेगळा विचार करता.' पंचेचाळीस प्रती.

निघताना सर माझ्यापाशी आले. मुक्काम अंबरनाथला मेव्हणीकडे, सोमवारी सकाळी दादरला दुसरी कार्यशाळा. "अंबरनाथहून बसायला मिळेल ना हो?"

"उभं राहायला मिळालं तरी नशीब. सर, तुम्ही असं करा, आधी डाऊन गाडी धरून बदलापूरला या. उतरू नका, बसून राहा. तीच गाडी परत जाईल."

सरांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. हिरवी टोपी अजून त्यांच्या हातातच होती.

"अहो, पण मला दादरला जायचंय. मी उलटा बदलापूरला कशाला येऊ?"