बावन्न वजा सत्तावीस

गेल्या महिन्यात पुण्यातल्या एका शाळेत तिसरीच्या बाईंच्या शेजारी बसले होते. समोर एका मुलाची वही. 52 वजा 27 बरोबर 35. चाचणीत याला शून्य मिळालं असतं आणि विषय तिथेच मिटला असता. बाईंनी विचारलं, "कसं केलंस रे?"

"दोनातून सात जात नाहीत ना बाई, म्हणून सातातून दोन काढले."

बाईंनी दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या त्याच्यापुढे ठेवल्या. "यातल्या सत्तावीस मला दे." दोन गठ्ठे त्याने चटकन दिले. सुट्या काड्यांकडे मात्र तो बराच वेळ बघत राहिला, आणि मग तिसऱ्या गठ्ठ्याचं रबर काढलं. पंधरा मिनिटंही लागली नाहीत.

मूल्यमापन म्हणतात ते हेच, आणि आपल्या सरकारने ते 2010 मध्येच मान्य केलेलं आहे. 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणलं, तेव्हा पहिली-दुसरीला 70 टक्के आणि तिसरी-चौथीला 60 टक्के भार आकारिक मूल्यमापनाला दिला. निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, प्रकल्प हे सगळं त्यात येतं. कागदावर हा विचार आजही सुंदर वाटतो.

पैसा मात्र उरलेल्या भारामागे, म्हणजे लेखी चाचण्यांमागे धावला. ऑक्टोबर 2020 मध्ये केंद्र सरकारने ‘स्टार्स’ हा शालेय शिक्षणाचा प्रकल्प मंजूर केला. खर्च 5,718 कोटी रुपये, त्यात जागतिक बँकेचे सुमारे 3,700 कोटी. सहा राज्यांत महाराष्ट्र होता आणि मूल्यमापन सुधारणं हा प्रकल्पाचा एक जाहीर हेतू होता. आपल्याकडे त्यातून ‘पॅट’ ही नियतकालिक मूल्यांकन चाचणी आली. पेपर राज्यस्तरावर तयार होतात, छापून शाळांत येतात, शिक्षक ते तपासतात आणि एकेका मुलाचे गुण चॅटबॉटवर भरतात. कोणत्या तालुक्यात गणित कच्चं आहे हे कुमठेकर रस्त्यावरच्या एससीईआरटीला, म्हणजे राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेला, कळायलाच हवं, त्यामुळे पॅटला माझा विरोध नाही. पण त्या माहितीत आमचा हा मुलगा फक्त एक चुकलेलं उत्तर असतो. सातातून दोन का काढले, हे तिथे कुणाला कळणार?

ते कळतं वर्गात, आणि वर्गात बाईंना सवड नाही. म्हणून तर प्रगतिपत्रकातल्या वर्णनात्मक नोंदींच्या तयार पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. ‘विशेष प्रगती’ खाली ‘स्पष्ट उच्चारात वाचन करतो’, ‘आवड’ खाली ‘चित्रे काढणे’. चाळीस मुलांच्या प्रगतिपत्रकांत तीच पाच वाक्यं फिरून फिरून दिसली की वाईट वाटतं. यात मी शिक्षकांना दोष देत नाही. निवडणुकीचं काम, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती उरकून नोंदी लिहायला रात्रच उरते.

हिशेब अगदी साधा आहे. पटावर 32 मुलं, प्रत्येकाजवळ पंधरा मिनिटं, म्हणजे आठ तास. महिन्यातून आठ तास दुसऱ्या कुणी वर्ग सांभाळला, तर बाई प्रत्येक मुलाजवळ एकदा बसू शकतील. त्यासाठी मानधनावर माणूस लागेल, आणि मूल्यमापनाचा निधी आधी इथे लागायला हवा. शाळांच्या केंद्रातल्या मासिक शिक्षण परिषदेतही सूचनांचं वाचन थोडं आवरून शिक्षकांनी मुलांच्या वह्या एकमेकांसमोर उघडाव्यात. त्याला तर खर्चही नाही.

समग्र शिक्षा अभियानाची वार्षिक कार्ययोजना दरवर्षी जिल्ह्यांतून वर जाते. येत्या कार्ययोजनेत छपाई आणि प्रशिक्षणाच्या जोडीला या आठ तासांच्या मानधनाची एक ओळ पुणे जिल्ह्याने घालावी. मंजूर झाली नाही, तर पुढच्या वर्षी पुन्हा घालावी.