घाम न येणारे पाय

मार्च महिना आला की परीक्षेच्या वर्गात एक दृश्य हमखास दिसते. प्रश्नपत्रिका हाती पडली की मुले आधी रुमाल काढतात आणि तळहात पुसतात. डोक्यावर पंखा फिरत असतो, सकाळची हवाही गार असते. पाठ कोरडी, पण तळहात ओलेचिंब! हा घाम उन्हाचा नव्हे, धास्तीचा.

आपल्या अंगावर साधारण २० ते ४० लाख घर्मग्रंथी असतात. त्यांची सर्वांत दाट वस्ती तळहात आणि तळपायांवर. अंगाची उष्णता कमी करण्याचे काम कपाळ, छाती, पाठ करतात. तळहात-तळपाय मात्र मनाच्या हुकमाने ओले होतात. काखेत आणि जांघेत आणखी एका प्रकारच्या ग्रंथी असतात. त्या मुले वयात येताना जाग्या होतात. त्यांच्या घामाला मुळात फारसा वास नसतो. कातडीवरचे जिवाणू त्याचे विघटन करतात तेव्हा तो सुटतो. तेव्हा आठवी-नववीतल्या मुलावर "अंघोळ केलीस की नाही?" म्हणून ओरडण्याआधी एवढे लक्षात घ्यावे.

आणि घाम येत नाही तो कुठे? ओठांच्या लाल भागावर. ओठांवर घाम आला असे आपण म्हणतो, तो असतो मिशीच्या जागेवर. नखांखालच्या कातडीला, कानाच्या पडद्याला आणि गुप्तांगाच्या काही नाजूक भागांनाही घर्मग्रंथी नसतात. बाकी सगळीकडे कमी-अधिक घाम यायलाच हवा.

मराठीत आपण घाम गाळतो, कन्नडमध्ये 'बेवरु' सांडतो. दोन्ही भाषांत घाम म्हणजे कष्ट. त्यामुळे घाम न येणे हे आपल्याला सुखाचे लक्षण वाटते. आमच्या मामंजींनाही तसेच वाटत होते.

मामंजींना, म्हणजे मुलांच्या अज्जांना, पंधरा वर्षांपासून मधुमेह. एके वर्षी उन्हाळ्यात ते मोठ्या कौतुकाने सांगू लागले, "नन्न कालिगे बेवरु बरंगिल्ल." माझ्या पायांना घामच येत नाही! मोज्यांना वास नाही म्हणून सासूबाईही खूश. मीही हसून सोडून दिले. पुढे तळपाय खरखरीत झाले, अंगठ्याखाली भेग पडली. त्या भेगेत चपलेतला खडा रुतला, तरी त्यांना कळले नाही. चादरीवर डाग दिसला तेव्हा सासूबाईंनी पाय उचलून पाहिला. जखम हाडापर्यंत गेली होती. अंगठा काढावा लागला.

डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितले. रक्तातली साखर बरीच वर्षे वाढलेली राहिली की नसा खराब होतात, आणि त्याची सुरुवात बहुधा पायांपासून होते. घर्मग्रंथींना हुकूम देणाऱ्या नसा गेल्या की घाम थांबतो, कातडी कोरडी पडते, भेगाळते. वेदना सांगणाऱ्या नसाही गेलेल्या असतात, म्हणून जखम दुखत नाही. पाय कोरडे पडू लागले, तेव्हाच दाखवायला हवे होते.

वाचकहो, घरात मधुमेहाचे कोणी असेल तर त्यांचे तळपाय रोज पाहा, बोटांच्या बेचक्याही. भेगांना तेल किंवा व्हॅसलिन लावा, पण बेचक्यांत नको. तिथे ओल राहून बुरशी धरते. अनवाणी चालू देऊ नका. चप्पल घालण्याआधी झटकून बघा. आणखी एक गोष्ट. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल, त्यावर घाम येत नसेल आणि स्पर्शही कळत नसेल, तर ती कुष्ठरोगाची खूण असू शकते. लपवू नका. सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळते आणि आजार पूर्ण बरा होतो.

आमच्याकडे आता रात्री जेवणानंतर धाकटा अज्जांचे पाय मांडीवर घेतो आणि विजेरी लावून तपासतो. परवा परीक्षेच्या आदल्या दिवशी त्याचाच तळहात ओला होता. अज्जांनी तो हातात धरला आणि म्हणाले, "बेवरु बरली, छलो." येऊ दे घाम, चांगलेच आहे.