आधी पाहावे, मग उघडावे

जैन गृहस्थाच्या घरी पाणी गाळून घेतले जाते ते केवळ गढूळ दिसते म्हणून नव्हे. निर्मळ दिसणारे पाणीही गाळले जाते, कारण जे डोळ्यांना दिसत नाही त्याचीच काळजी अधिक घ्यावयाची असते. मुनींच्या पाच समितींमध्ये आदाननिक्षेपण समिती आहे. कमंडलू असो वा शास्त्र, उचलताना आणि ठेवताना आधी नीट पाहावे, मार्जन करावे, मगच हात लावावा. हा यत्नाचार आज ईमेलला जोडून येणाऱ्या फाइलींपुढेही तितकाच आवश्यक झाला आहे.

४ मे २००० रोजी 'आय लव्ह यू' या विषयाचे ईमेल जगभर पसरले. त्यास जोडलेली फाइल साध्या मजकुराची, म्हणजे 'टीएक्सटी' प्रकारची भासत होती. प्रत्यक्षात तिच्या नावाचा शेवट 'व्हीबीएस' होता. ती आज्ञावली होती. विंडोज प्रणाली नावाचा हा शेवटचा भाग सहसा लपवीत असल्याने तो अनेकांच्या दृष्टीस पडला नाही. फाइल उघडताच संगणकातील छायाचित्रे नष्ट होऊ लागली आणि तेच पत्र पत्तेवहीतील सर्वांना आपोआप गेले. म्हणजे फसविणारे पत्र अनोळखी माणसाकडून नव्हे, तर परिचिताच्या नावाने आले होते.

म्हणून केवळ नाव ओळखीचे आहे, एवढ्यावर विसंबू नये. पाठविणाऱ्याचा पूर्ण पत्ता वाचावा. फाइलचे नाव अखेरच्या अक्षरापर्यंत पाहावे. 'ईएक्सई', 'व्हीबीएस' किंवा 'एपीके' असा शेवट असेल तर ते पत्र वा पत्रिका नसून चालणारी आज्ञावली आहे, हे जाणावे. वर्ड वा एक्सेलची फाइल 'एनेबल कंटेंट' दाबण्यास सांगू लागली, तर तेथेच थांबावे. शंका आल्यास त्याच ईमेलला उत्तर न देता, आधीपासून जवळ असलेल्या क्रमांकावर दूरध्वनी करून विचारावे.

लिंकचेही तसेच आहे. दिसणारे शब्द एक आणि नेणारा पत्ता दुसरा, असे घडू शकते. संगणकावर लिंकवर बाण नुसता ठेवला, तर खरा पत्ता बहुधा खाली कोपऱ्यात दिसतो. कागद पाहण्यासाठी लिंक उघडली आणि समोर अनपेक्षितपणे पासवर्ड मागणारे पान आले, तर ते बंद करणेच श्रेयस्कर.

हे झाले आदान. निक्षेपणही तितकेच महत्त्वाचे. जीमेलमध्ये २५ एमबीपेक्षा मोठी फाइल ड्राइव्हची लिंक होऊन जाते. ती लिंक ज्याच्या हाती पडेल त्या कोणालाही उघडता येईल अशी ठेवली आणि फाइलमध्ये देणगीदारांचे पॅन क्रमांक व पत्ते असले, तर एका पुढे धाडलेल्या संदेशाने संपूर्ण समाजाची माहिती उघड्यावर पडते. विश्वस्तांकडे ती सूची ठेव म्हणून आलेली असते. तिची परवानगी ठरावीक ईमेल पत्त्यांनाच द्यावी आणि काम संपताच काढून घ्यावी. जोडून पाठविलेली फाइल अशी परत घेता येत नाही.

इतके करूनही चूक घडली, तर ती दडवू नये. उपकरणाचे इंटरनेट तत्काळ बंद करावे, दुसऱ्या उपकरणावरून पासवर्ड बदलावेत. पैसे गेले असल्यास बँकेला कळवून १९३० या क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी. जितका उशीर, तितकी रक्कम अडविण्याची शक्यता कमी. घरातील ज्येष्ठ अनेकदा मुले रागावतील या भयाने गप्प राहतात आणि तोच मोलाचा वेळ निघून जातो. प्रमाद कोणाच्याही हातून होऊ शकतो. तो निःसंकोच सांगता यावा, इतका क्षमाभाव घरात असेल, तर पुष्कळ हानी टळते.