सॉफ्टवेअर कोणत्या चुलीवर शिजले?

औषधाच्या कारखान्यात एका गोळीची बॅच संपून दुसरीचे काम सुरू होण्याआधी यंत्र थांबवले जाते. आधीच्या बॅचची एखादी गोळी, भुकटी किंवा जुने लेबल कुठे अडकून राहिलेले नाही ना, हे उत्पादन विभागाचा माणूस तपासतो. मग गुणवत्ता विभागाचा दुसरा माणूस येऊन तेच पुन्हा तपासतो. याला ‘लाइन क्लिअरन्स’ म्हणतात. रक्तदाबाच्या गोळीत मधुमेहाच्या गोळीचा अंश मिसळला तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

त्याच रुग्णाच्या एमआरआयवरून मेंदूच्या एखाद्या भागाचे आकारमान मोजणारे सॉफ्टवेअर मात्र कुठे आणि कशाकशाच्या संगतीत तयार झाले, हे कोणी विचारत नाही. विचारायला हवे.

‘फ्रीसर्फर’ हे मेंदूच्या संशोधनात जगभर वापरले जाणारे सॉफ्टवेअर. नेदरलँड्समधील मास्ट्रिख्टच्या संशोधकांनी तेच ते एमआरआय त्याच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांना आणि वेगवेगळ्या संगणकांना मोजायला दिले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे आकडे अस्वस्थ करणारे होते. आवृत्ती बदलल्यावर आकारमानात सरासरी ८.८ टक्के आणि मेंदूच्या बाह्य थराच्या जाडीत २.८ टक्के फरक पडला. आवृत्ती बदलली म्हणून आकडा बदलला, हे एक वेळ समजू शकते. पण नुसता संगणक किंवा त्याची ऑपरेटिंग सिस्टीम बदलली, तरी साधारण याच्या निम्मा फरक दिसला. मेंदू झिजत जाणाऱ्या आजारांत जेवढे बदल शोधायचे असतात, तेवढाच हा फरक. रुग्णाचा मेंदू होता तिथेच होता. मोजपट्टी हलली होती.

असे का होते? प्रोग्रॅमर लिहितो तो सोर्स कोड म्हणजे पाककृती. ती संगणकाला चालवता येईल अशा रूपात आणण्याच्या कामाला ‘बिल्ड’ म्हणतात. या कामात कंपायलर लागतो, आणि इतरांनी लिहून ठेवलेल्या अनेक लायब्ररी लागतात. घातांक, कोसाइन यांसारखी गणिते अशाच एका लायब्ररीतून येतात. तिची आवृत्ती बदलली की दशांश चिन्हापुढचा कुठला तरी दूरचा अंक बदलतो, आणि लाखो गणितांच्या साखळीत तो फरक वाढत जातो. मेंदूच्या प्रतिमांवर काम करणाऱ्या दुसऱ्या एका गटाने २०१५ मध्ये नेमका हाच धागा पकडला. ऑपरेटिंग सिस्टीमगणिक पडणाऱ्या फरकाचे मूळ या गणिती लायब्ररीत होते.

आता हे बिल्ड प्रोग्रॅमरच्या रोजच्या लॅपटॉपवर झाले तर? त्या लॅपटॉपवर पाच वर्षांचा पसारा असतो. कधीतरी घेतलेली एखादी लायब्ररी बिल्ड गुपचूप उचलते आणि कागदोपत्री तिची नोंदही नसते. मग ‘माझ्याकडे तर व्यवस्थित चालते’ हे उत्तर ऐकायला मिळते. ते खोटे नसते, पण रुग्णाच्या काही उपयोगाचेही नसते.

यावरचा उपाय जुना आणि जवळजवळ फुकट आहे. संगणकातच एक कोरी, बंद खोली तयार करायची. तिच्यात किमान मूळ प्रणाली ठेवायची आणि पॅकेजसोबतच्या यादीत लिहिलेले जिन्नस तेवढेच आत घ्यायचे. आयत्या वेळी काही मागवता येऊ नये म्हणून इंटरनेट बंद ठेवायचे. बिल्ड झाले की खोली मोडून टाकायची. यादीत एखादा जिन्नस राहिला असेल तर बिल्ड तिथेच अडते, आणि हीच त्याची खरी किंमत. डेबियन या मुक्त प्रणालीत यासाठी ‘पीबिल्डर’ आणि ‘एसबिल्ड’ आहेत, फेडोरात ‘मॉक’ आहे. वैद्यकीय सॉफ्टवेअर गोळा करणारा ‘डेबियन मेड’ हा प्रकल्प २००२ पासून याच घरात नांदतो. २०१९ मध्ये तर डेबियनने ठरवले, की कोणी आपल्या संगणकावर तयार करून पाठवलेले पॅकेज पुढच्या आवृत्तीत घेतले जाणार नाही. सोर्स द्या, बिल्ड आमच्या कोऱ्या खोलीत होईल.

खोली कोरी असली म्हणजे सगळे झाले, असे मात्र नाही. २०२० च्या अखेरीस उघड झालेल्या सोलरविंड्स प्रकरणात घुसखोरांनी कंपनीच्या बिल्डच्या संगणकातच ठाण मांडले होते. बिल्ड सुरू झाले की एक फाइल बदलायची, संपले की मूळ फाइल परत ठेवायची. कंपनीच्या डिजिटल सहीनिशी तो विखार सुमारे १८,००० ग्राहकांपर्यंत जाऊ शकला. म्हणून एकाच सोर्सपासून दोन वेगळ्या खोल्यांत दोनदा बिल्ड करून निकाल अक्षरशः सारखा येतो का, हे पाहणे आवश्यक ठरते. एकाच रक्ताचा नमुना दोन प्रयोगशाळांत पाठवण्यासारखेच हे. गंमत म्हणजे इथे मोठा अडथळा ठरतो तो घड्याळाचा. पुष्कळ प्रोग्रॅम आपल्या जन्माची वेळ स्वतःच्या पोटात लिहून ठेवतात, त्यामुळे दुसरे बिल्ड पहिल्याशी जुळतच नाही.

आणि कच्चा मालच विषारी असेल तर? २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या लायब्ररीच्या सोर्समध्येच चोरवाट दडवलेली होती. कोऱ्या खोल्यांनी ती इमानेइतबारे आत घेतली. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ मध्ये ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले, तेव्हाही दोष त्यात मिसळलेल्या डायइथिलीन ग्लायकॉलचा होता. म्हणून जिन्नसांची यादीही हवी. अमेरिकेत इंटरनेटशी जोडल्या जाऊ शकणाऱ्या वैद्यकीय उपकरणांसाठी मार्च २०२३ पासून ती कायद्याने द्यावी लागते. भारतात सर्ट-इनने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा यादीबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. एप्रिल २०२० पासून निदानासाठीचे सॉफ्टवेअर वैद्यकीय उपकरणाच्या व्याख्येतही आले आहे. पण सूचना आणि खरेदीची निविदा यांत बरेच अंतर असते. बिल्ड कुठे झाले, त्यात काय काय होते आणि पाच वर्षांनी तेच पुन्हा तयार करून दाखवता येईल का, हे सार्वजनिक रुग्णालयांनी निविदेतच विचारावे. पुरवठादार व्यावसायिक गुपिताचा मुद्दा काढतील. पाककृती कोणी मागत नाही, स्वयंपाकघर दाखवा एवढेच म्हणणे आहे.

विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरपेक्षाही नाजूक गोष्ट घरच्या प्रोग्रॅमची. वैद्यकीय महाविद्यालयात एखादा हुशार निवासी डॉक्टर डोस काढणारा किंवा प्रबंधातील आकडे हिशेबात घेणारा प्रोग्रॅम लिहितो. विभाग तो वापरू लागतो. तीन वर्षांनी डॉक्टर पदवी घेऊन जातो आणि लॅपटॉपही त्याच्याबरोबर जातो. नंतर आकडा चुकल्याचा संशय आला, तर तोच प्रोग्रॅम पुन्हा तयार करून पाहायची सोय उरत नाही. तो विभागात असतानाच एका संध्याकाळी कोऱ्या खोलीत बिल्ड करून पाहायला सांगावे. पहिल्या खेपेला ते बहुधा फसेल, आणि कोणता जिन्नस लिहायचा राहिला हे पडद्यावर नावानिशी उमटेल.