तणनाशक आणि भूमीचें अन्न

आपल्या धाराशिव जिल्ह्यांत आषाढ लागला कीं सोयाबीनच्या रानांत पूर्वीं खुरपणाऱ्या बायांच्या रांगा दिसत. हल्लीं बहुधा पाठीवर पंप घेतलेला एकटा गडी दिसतो. मजुरी परवडत नाहीं, म्हणून शेतकऱ्यास दोष देणें आम्हांस उचित वाटत नाहीं. परंतु तण मेल्यावर तें औषध जातें कोठें, हा प्रश्न विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं अवश्य विचारावा.

अशा बहुतेक औषधांचा नाश मातींतील सूक्ष्म जंतु करितात. आणि शेणखत, पालापाचोळा व काड कुजून झालेला सेंद्रिय अंश हें त्या जंतूंचें अन्न होय. हाच अंश औषधास धरूनही ठेवितो, त्यामुळें तें विहिरीकडे सहसा लवकर झिरपत नाहीं. उसांत व मक्यांत वापरण्यांत येणाऱ्या ॲट्राझीनचें, ह्यूमिक आम्लांच्या साह्यानें, तण मारण्याची शक्ति नसलेल्या पदार्थांत रूपांतर होतें. तरीही भूजलांत त्याचे अंश सांपडल्यामुळें युरोपीय संघानें २००४ सालीं तें वर्ज्य ठरविलें.

कोणी म्हणेल, आमची जमीन काळीभोर, तिला खताची काय वाण? हा भ्रम होय. काळ्या मातीचा रंग विपुल सेंद्रिय अंशाची खूण नव्हे; उष्ण हवेंत तो झपाट्यानें नाहींसा होतो. त्यांत पावसानें ओढ दिली म्हणजे जंतूंचें कार्य मंदावतें. मग सोयाबीनवर फवारलेलें इमॅझेथापायर मातींत रेंगाळून पुढील ज्वारीस इजा करूं शकतें.

तथापि खत म्हणजे रामबाण मात्रा नव्हे. मातीस घट्ट चिकटलेलें औषध जंतूंच्या हातीं सहज लागत नाहीं. आणि पाण्यांत विरघळलेला सेंद्रिय अंश कधीं कधीं औषधास आपल्याबरोबर खोलवर नेतो. म्हणून खत घातलें, आतां वाटेल तितकें फवारावें, असें कोणीं समजूं नये.

केंद्र सरकारनें २०२२ सालीं ग्लायफोसेटच्या वापरावर निर्बंध घातले. परंतु प्रत्येक बांधावर सरकारचा पहारा बसणें शक्य नाहीं. तेथें शेतकऱ्याचा विवेकच कामास यावयाचा. उसाचें पाचट व सोयाबीनचें भुसकट पेटवूं नये, तें मातीस परत द्यावें; औषध मापानेंच घ्यावें; आणि जेथें खुरपें पुरतें तेथें पंप उचलूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. ज्या भूमीकडून आपण औषध पचविण्याची अपेक्षा करितों, तिला आधीं पोटभर अन्न घालणें हें आपलें कर्तव्य होय.