ड्रिलचा खेळ आणि फिटरचा मेमो



रेल्वेच्या वर्कशॉपात, डेपोत, टपाल खात्याच्या मेल मोटर सर्व्हिसच्या शेडमध्ये, आणि निवृत्त फिटरच्या घरामागच्या पत्र्याच्या खोलीतही आज स्वस्तातले बेंच ड्रिल दिसते. १३ मि.मी. चक, छोटी मोटर, वर पुल्या आणि पट्टा, रंग चकचकीत. पुरवठादार ते उतरवतो, सही घेतो आणि जातो. आठ दिवसांत कारागीर म्हणतो, "चक हलतोय." वरून उत्तर येते, "मशीन नवे आहे, तुला चालवता येत नाही."

या वादात दोन्ही बाजू तोंडाने बोलतात आणि मोजत कोणीच नाही, ही माझी तक्रार आहे. मी दहावीपर्यंत शिकलेला माणूस, इंजिनिअर नव्हे. पण डायल गेजचा काटा वाचायला पदवी लागत नाही.

आमच्या विभागातल्या एका डेपोत (नाव घेत नाही) एका तरुण फिटरला मेमो मिळाला. ब्रॅकेटची भोके जागेवर नाहीत, बोल्ट बसत नाहीत, सबब कामात हलगर्जीपणा. तो उत्तर लिहून घ्यायला शाखेत आला. त्याला सांगितले, उत्तर नंतर लिहू, आधी मशीनजवळ चल. मेन स्विच बंद केला, चकमध्ये सरळ गुळगुळीत रॉड धरला, क्विल पूर्ण खाली घेऊन अडकवली, रॉडला डायल लावली आणि चक हाताने मागेपुढे ढकलला. काटा चाळीस घरे फिरला, म्हणजे ०.४० मि.मी. हेच पुन्हा सुपरवायझरसमोर केले. मेमो मागे घेतला गेला. भाषण करावे लागले नाही.

खेळ आहे एवढे कळून मात्र भागत नाही, तो कुठे आहे ते शोधले पाहिजे. डायलचा स्टँड मशीनच्या हेडवर बसवा आणि टोक क्विलच्या खालच्या कडेला टेकवा. चक ढकलल्यावर क्विलच हलत असेल तर दोष क्विल आणि हेडच्या भोकातल्या सैलपणाचा. क्विल स्थिर आणि चक तेवढा हलत असेल तर बेअरिंग गेले, नाहीतर चक टेपरवर नीट बसलेला नाही. दोन्ही ठीक आणि तरी भोक तिरके जात असेल तर टेबलाकडे पाहा. ड्रिल दाबले की स्वस्त मशीनचे टेबल पुढून खाली झुकते. त्याखाली लाकडी ठोकळा किंवा छोटा जॅक लावला तरी फरक दिसतो. आणि चक फिरताना टोक डोलत असेल, पण हाताने ढकलून काही हलत नसेल, तर तो खेळ नव्हेच; ड्रिल, चक किंवा स्पिंडल वाकडे आहे. या दोन गोष्टींची गल्लत करून लोक चांगली बेअरिंगे फेकून देतात.

बहुतेक वेळा दोष क्विलचाच निघतो. हेडच्या बाजूला चेकनट असलेला एक स्क्रू असतो. त्याचे टोक क्विलच्या उभ्या खाचेत बसते आणि क्विलला गरगर फिरू देत नाही. कारखान्यातून तो बहुधा ढिलाच येतो. चेकनट सोडा, क्विल जड जाईपर्यंत स्क्रू आवळा, मग थोडा, साधारण एक अष्टमांश फेरा, मागे घ्या आणि स्क्रू धरून ठेवून चेकनट घट्ट करा. पाच मिनिटांचे काम आहे. पण सगळे औषध याच स्क्रूत आहे असे समजून पिळत बसू नका. खाचेच्या कडेला बर येते, क्विल अडकते आणि स्प्रिंग तिला वर नेत नाही.

एवढ्याने भागले नाही तर हेडच्या खालच्या भागात, आतली जागा पाहून, दोन भोके पाडून एम-६ चा टॅप फिरवावा आणि स्क्रू व क्विल यांच्यामध्ये पितळेचा छोटा तुकडा ठेवावा. पितळ झिजते, क्विल वाचते. हे करायचे तर क्विल आधी बाहेर काढावी लागते, आणि तिथे जपावे. डाव्या हाताच्या टोपीखाली गुंडाळलेली स्प्रिंग असते. टोपी पक्कडीने घट्ट धरून हळूहळू सोडली नाही तर ती बोटे फोडते. काहीजण हेडच्या बिडाला करवतीने चीर पाडून बोल्टने आवळतात. मी हे कोणाला करू देणार नाही. बीड तडकले की मशीन भंगारात आणि जबाबदारी तुमच्या माथी.

बेअरिंग बदलायचे तर जुन्यावरचा आकडा वाचून त्याच नंबरचे, चांगल्या कंपनीचे, सीलबंद घ्यावे. ६२०२ असेल तर आतला व्यास १५, बाहेरचा ३५ आणि जाडी ११ मि.मी. स्पिंडलवर चढवताना आतल्या कड्यावर दाब द्या, क्विलमध्ये बसवताना बाहेरच्या. हातोडीने सरसकट ठोकलेले नवे बेअरिंग जुन्याइतकेच आवाज करते.

पुलीच्या खोबणीतला खडखडाट ग्रीसने कमी होतो, त्याने भोक बिघडत नाही.

बिनपैशाचा उपाय मात्र कोणी करत नाही, म्हणून तो ठासून सांगतो. क्विल जितकी बाहेर येते तितका तिला हेडमधला आधार कमी होतो आणि खेळ वाढतो. तेव्हा टेबल वर घ्या, क्विल कमीत कमी उतरवा, ड्रिल आखूड धरा. सेंटर पंच खोल मारा. जॉब व्हाइसमध्ये आणि व्हाइस टेबलाला आवळलेला हवा. भोक आरपार निघताना ड्रिल पत्रा पकडते आणि सैल मशीनवर जॉब हातातून हिसकावते. त्या वेळी हातात मोजे असतील तर बोटेही त्यासोबत जातात.

आता आपल्याच काही साथींशी माझा मतभेद. ते म्हणतात, प्रशासनाने भिकार मशीन घेतले, ते दुरुस्त करून त्यांची चूक आपण का झाकायची? या म्हणण्यात तथ्य आहे, हे मी नाकारत नाही. जेम पोर्टल २०१६ मध्ये सुरू झाले, पण सर्वात कमी दराचा टेंडरवाला हा आजार त्याच्या कितीतरी आधीचा. तपशिलात चकचा आकार आणि मोटरची ताकद लिहितात. क्विलचा खेळ किती चालेल ते लिहीत नाहीत, मग पुरवठादार तरी कशाला पाहील? तरीही त्या मशीनसमोर रोज उभा राहतो तो आपला माणूस आहे, साहेब नव्हे. म्हणून दुरुस्ती करावी, पण गुपचूप करू नये. आधी माप घ्या, रजिस्टरमध्ये लिहा, दुरुस्तीचे तास जॉब कार्डावर मागा, मग पाना उचला. स्वतःच्या जेवणाच्या सुट्टीत मशीन नीट करणाऱ्या कारागिराला शाबासकी मिळते आणि पुढचे टेंडर पुन्हा तसेच निघते. माझी मागणी अशी, की नवे मशीन ताब्यात घेताना डायल लावून तपासणी व्हावी आणि त्या कागदावर ते चालवणाऱ्याची सही असावी. पीएनएमच्या बैठकीसाठी हा विषय पाठवायचा आहे. त्याला आकडे लागतात.

तेव्हा ज्याच्याकडे असे मशीन आहे त्याने साध्या कागदावर लिहून द्यावे: क्विल वर असताना खेळ किती, पूर्ण खाली असताना किती, मशीन कधी आले, दुरुस्तीनंतर माप किती. शंभरात पाच-सहा घरे आली तर साध्या कामाला हरकत नाही, क्विलला सरकायला तेवढी जागा लागतेच. शाखा कार्यालयाच्या कपाटात डायल गेज आणि चुंबकी स्टँड ठेवला आहे. चावी खजिनदारांकडे असते. सही करून न्यावा आणि शनिवारपर्यंत परत आणावा.