नारायणगड की सावरगाव? हा प्रश्न आपल्याला विचारणारे कोण?



14 ऑक्टोबर 1956 ला विजयादशमी होती. म्हणून दसरा आपला. पण 12 ऑक्टोबर 2024 च्या दसऱ्याला बीड जिल्ह्यातल्या आपल्या पोरांना नागपूरला चाललास का, असं विचारणारे कमी होते. नारायणगडाला जातोस की सावरगावला, असं विचारणारेच जास्त. नारायणगडावर मनोज जरांगे पाटलांचा मेळावा, सावरगाव घाटला भगवान भक्तीगडावर पंकजाताईंचा, आणि त्यांच्या शेजारी धनंजय मुंडे. एका जिल्ह्यात, एकाच दिवशी, दोन जातींचे दोन दसरे. तेव्हापासून गावात कुठेही गेलं, की चहा यायच्या आधी हाच प्रश्न येतो : तुम्ही कुणाकडून?

गंमत बघा. ज्या भगवानबाबांच्या नावाने सावरगावला गर्दी जमते, ते बाबा घडले नारायणगडावर. माणिकबाबांचे ते शिष्य. पुढे वाद झाला, त्यांनी गड सोडला आणि भगवानगड उभा केला. म्हणजे दोन्हीकडची परंपरा एकच, वारकऱ्यांची. आज मात्र गडाचं नाव घेतलं की माणसाची जात कळते. हे काही आपोआप झालेलं नाही, ते मेहनतीने केलेलं आहे. 2016 ला भगवानगडाच्या महंतांनी गडावर राजकीय भाषण नको म्हटलं, तर मेळावा पायथ्याला झाला आणि पुढच्या वर्षी सावरगावला गेला. राजकारणाला गड लागतोच.

मी दोन्ही मागण्यांना खोटं म्हणत नाही. दोन एकर कोरडवाहू असलेल्या मराठ्याच्या पोराची अडचण खरी आहे. आपल्या ताटातलं जाईल ही वंजारी, माळी, धनगर पोरांची भीतीही खरी आहे. माझा प्रश्न या मागण्यांवर कोण जगतो हा आहे. जून 2024 मध्ये लोकसभेला बजरंग सोनवणे 6,553 मतांनी निवडून आले, पंकजाताई पडल्या. जात विरुद्ध जात असं मतदान झालं हे सगळा जिल्हा जाणतो. त्यानंतर विधानसभेसाठी मराठा, मुस्लिम, दलित एकत्र येणार अशी घोषणा अंतरवालीतून झाली. आपली किती पोरं हरखली! 4 नोव्हेंबरला, अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी, उमेदवारच द्यायचे नाहीत असं ठरलं. निकालात जिल्ह्यातल्या 6 पैकी 5 जागा महायुतीकडे गेल्या. एवढा राग गेला कुठे? तो गावात राहिला. कुणाच्या दुकानातून सामान घ्यायचं, कुणाच्या लग्नाला जायचं, कुणाच्या पोराला वर्गात शेजारी बसवायचं यात राहिला. 2025 च्या सुरुवातीला तर बीडच्या पोलीस अधीक्षकांना पोलिसांच्या टेबलावरच्या पाट्यांवरून आडनावं काढावी लागली. खाकीतही आधी आडनाव दिसायला लागलं होतं.

आणि यात आपण? आपले दोन तुकडे. बाळासाहेबांनी जुलै 2024 मध्ये ओबीसी आरक्षण बचाव यात्रा काढली म्हणून एक गट त्या बाजूला. दुसरा गट जरांगे पाटलांच्या स्टेजवर निळा गमछा घालून. दोघांचेही व्हॉट्सअॅप स्टेटस एकमेकांना ‘दलाल’ म्हणणारे. रिपब्लिकन पक्ष 1957 ला स्थापन झाला आणि दोन वर्षांत फुटला, ही सवय आपल्याला जुनी आहे. 1998 ला मात्र प्रकाश आंबेडकर, रा. सु. गवई, रामदास आठवले, जोगेंद्र कवाडे असे चार जण एकाच वेळी लोकसभेत गेले. ते एकत्र लढले म्हणून गेले. ते टिकलं नाही याला कारण फक्त नेत्यांचे अहंकार नव्हते. दुसऱ्याशी बोलणारा नेता म्हणजे विकलेला नेता, असं कार्यकर्त्यांनीच ठरवून टाकलं होतं.

इथे मला माहीत आहे तुम्ही काय म्हणाल. संयम, सामोपचार हे शब्द आपल्याला नेहमी मार खाल्ल्यावर ऐकवले जातात. बरोबर आहे. 1978 ला नामांतराचा ठराव झाला, मराठवाड्यात आपली घरं जळली, आणि समजुतीने घ्या असं सांगण्यात आलं ते जळालेल्यांनाच. नामविस्ताराला 14 जानेवारी 1994 उजाडला. डिसेंबर 2024 ला परभणीत सोमनाथ सूर्यवंशी कोठडीत गेला, तेव्हा पुन्हा शांतता राखा. असला संयम मी मागत नाही. मागणीत मवाळ असलेला नेता मला नको. माणसांशी बोलताना समोरची अख्खी जात शत्रू न करणारा नेता मला हवा. या दोन गोष्टींत जमीन अस्मानाचं अंतर आहे, आणि ते पुसलं जावं यात दोन्ही गडांवरच्या पुढाऱ्यांचा फायदा आहे.

बाबासाहेब यात कुठे होते ते बघा. 1927 ला महाडच्या सत्याग्रहाला जेधे-जवळकरांनी पाठिंबा देऊ केला, अट एकच : ब्राह्मण नकोत. केवढी मोठी ताकद होती ती! बाबासाहेबांनी अट नाकारली. 25 डिसेंबरला मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडला तो सहस्रबुद्ध्यांनी, जन्माने ब्राह्मण. मनुस्मृती जाळण्याहून जहाल काय असतं? पण माणसं जातीवर मोजली नाहीत. 1937 ला खोती नष्ट करण्याचं विधेयक त्यांनी मांडलं आणि 10 जानेवारी 1938 ला मुंबईत कायदेमंडळावर शेतकऱ्यांचा मोर्चा नेला, त्यात महार कुळं होती तशी कुणबी कुळंही होती. हो, कुणबीच. 2 सप्टेंबर 2025 च्या हैदराबाद गॅझेटच्या जीआरनंतर ज्या शब्दावरून गावोगाव डोकी फुटायची वेळ आली, तोच शब्द.

18 जानेवारी 1943 ला पुण्यात त्यांनी रानड्यांवर भाषण केलं. गांधी आणि जिना यांच्या शेजारी रानड्यांना ठेवून त्यांनी या मवाळ माणसाला मान दिला, आणि विभूतिपूजेने राजकारण कसं नासतं ते सांगितलं. हे भाषण आपल्या प्रत्येक अभ्यासवर्गात असायला हवं. ते असत नाही, कारण मग आपल्याच बॅनरवरचे फोटो लहान करावे लागतील.

बीडमध्ये असा माणूस होता का? मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख. जातीने मराठा. पवनचक्की कंपनीच्या आवारात गुंडांनी ज्या वॉचमनला मारलं तो त्यांच्याच गावचा दलित माणूस. सरपंच त्याच्यासाठी मध्ये पडले, हा आपला की त्यांचा हे विचारलं नाही. 9 डिसेंबर 2024 ला त्यांचा खून झाला. मग काय झालं? ज्या खंडणीच्या राजकारणाने त्यांचा जीव घेतला त्यावर बोलण्याऐवजी आठवडाभरात मराठा विरुद्ध वंजारी सुरू. तो वॉचमन तर चर्चेतून गायबच झाला. मारणारे गुंड एका जातीचे म्हणून सगळी जात गुन्हेगार, आणि जात बदनाम होते म्हणून गुंडांची पाठराखण. दोन्हीकडून खंडणीखोर सुखरूप.

ऊसतोडीचंच घ्या. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीने या जिल्ह्यात तोडीला जाणाऱ्या 13 हजारांहून अधिक बायकांची गर्भपिशवी काढल्याचं नोंदवलं. त्यात वंजारी आहेत, बंजारा, बौद्ध, मातंग, मराठाही आहेत. कोयत्याची उचल एकच, मुकादम एकच, खाडा झाला की दंडही एकच. या बायकांसाठी कोणत्या गडावर जायचं?

मग निवडणुकीत कुणाला विचारायचं आणि काय? माझ्यापुरतं सांगतो. जो आपल्या वस्तीत येऊन मत मागेल त्याला मी गायरानाचं विचारणार आहे. 14 एप्रिल 1990 पर्यंतची अतिक्रमणं नियमित करायचा शासन निर्णय 1991 चा आहे. तरी 2022 च्या शेवटी राज्यभर अतिक्रमणं काढायच्या नोटिसा निघाल्या. गायरान कसणारे बहुतेक आपले, शेजारचा बांध मराठ्याचा नाहीतर वंजाऱ्याचा. तिथे तहसीलदारासमोर आपल्याबरोबर उभा राहील आणि बांधावरच्यालाही समजावेल, असा माणूस कोणत्याही पक्षाचा असो, मी त्याचं काम करेन. ‘त्यांना’ धडा शिकवतो म्हणणाऱ्याची गाडी वस्तीतून रिकामी परत पाठवा. डिझेल त्याचंच जाऊ द्या.